इंजिन पाण्याने गेले की ‘यांत्रिक बिघाडा’ने? नाकारलेल्या विमा दाव्याविषयी

माटुंगेकर (धागाकर्ता):
गेल्या आठवड्यात येथे एका सदस्याने लिहिले होते, ‘पाणी दिसत असूनही त्यात गाडी घालणाऱ्यांच्या इंजिनाचा खर्च माझ्या हप्त्यातून का जावा? असे दावे कंपन्या नाकारतात ते योग्यच.’ माझा दावा असाच नाकारला गेला असल्यामुळे या वाक्याला सविस्तर उत्तर दिल्याशिवाय मला राहवत नाही.

जुलैतल्या एका संध्याकाळी शीवहून घरी परतताना गांधी मार्केटपाशी वाहतूक खोळंबली. मी थांबलो तेव्हा रस्ता नुसता ओला होता. वीस मिनिटांत पाणी निम्म्या चाकापर्यंत आले. मागे बस, पुढे ट्रक, उजवीकडे दुभाजक. पाण्यात गाडी मी घातली नाही, उभ्या गाडीपाशी पाणी आले. पुढचा ट्रक हलला तशी त्याची लाट बॉनेटवर आली, मी गाडी पुढे काढली आणि दहा-बारा मीटरांवर एक ठोका देऊन इंजिन बंद पडले. गॅरेजमध्ये उघडल्यावर एअर फिल्टर भिजलेला, ऑइल पाणी मिसळून दुधाळ झालेले आणि एक कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकलेला निघाला. दुरुस्तीचा अंदाज 1,42,000 रुपये. नकारपत्रात मात्र दोनच ओळी आहेत: बाह्य आघाताची खूण नाही, आणि नुकसान ‘यांत्रिक बिघाड व परिणामजन्य हानी’ या प्रकारचे असल्याने पॉलिसीत बसत नाही.

माझ्या पॉलिसीत ज्या संकटांपासून संरक्षण दिले आहे त्यांत पूर, वादळ आणि जलमयता यांचा स्पष्ट उल्लेख आहे. पाण्यामुळे वाकलेल्या रॉडला यांत्रिक बिघाड म्हणणे म्हणजे बुडालेल्या माणसाच्या दाखल्यावर ‘श्वास थांबल्यामुळे’ एवढेच लिहून पाण्याचे नाव टाळणे होय.

मुलुंडवासी:
ते वाक्य माझे होते आणि मी ते मागे घेत नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. ते पाहिलेल्या शहरात गांधी मार्केटला पाणी तुंबणे ‘अचानक’ होते, असे कोणी म्हणू नये. इंजिनात पाणी शिरल्यास भरपाई देणारे ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे स्वतंत्र ॲड-ऑन, म्हणजे जादा हप्ता भरून घ्यायचे संरक्षण, सर्रास मिळते. मूळ पॉलिसीत ती भरपाई असती, तर ते विकले कशाला असते? आपण ते घेतले नव्हते, एवढ्यावर हा धागा संपायला हरकत नसावी.

माटुंगेकर:
जादा छत्री विकायला ठेवली म्हणून घराचे छप्पर आपोआप गळके ठरत नाही. मूळ करारात पूर लिहिला आहे तो शोभेसाठी आहे का, याचे उत्तर आपण दिलेले नाही.

दादरची वाचक:
‘ॲड-ऑन घेतले नाही’ हे वाक्य वाचून माझा संताप झाला, म्हणून थोडे विषयांतर करते. आम्ही गाडी घेतली तेव्हा शोरूममधल्या मुलाने ‘मॅडम, झिरो डेप आहे, सगळं कव्हर आहे’ असे सांगितले होते. त्या ‘सगळ्या’त इंजिनात शिरलेले पाणी नव्हते, हे मला तीन वर्षांनी कळले. झिरो डेप म्हणजे बदललेल्या सुट्या भागांवरचा घसारा कापत नाहीत, जसे रबर-प्लॅस्टिकवरचा 50 टक्के. त्यापलीकडे काही नाही. आमच्या हाती दोन पानांचे शेड्यूल आले आणि अटींसाठी संकेतस्थळ पाहा, असे त्यावर बारीक अक्षरांत छापले होते. गाडीच्या रंगावर तासभर बोलणारी माणसे विम्यावर पाच मिनिटेही बोलत नाहीत, आणि नंतर दोष मात्र ग्राहकाचा.

मुलुंडवासी:
सही करण्यापूर्वी कागद वाचायचा असतो. शोरूमच्या मुलाने काय सांगितले, हे करारात येत नाही.

दादरची वाचक:
आपण स्वतःची पॉलिसी शेवटची कधी वाचली, ते कृपया सांगावे. ‘कागद वाचायचा असतो’ हे मला प्रत्येक वेळी एखादा पुरुषच सांगतो आणि त्याने तो कागद कधीच वाचलेला नसतो.

मुलुंडवासी:
पुरुष असण्याचा येथे काय संबंध? तरीही आत्ता कपाट उघडून वाचली. इंजिन प्रोटेक्ट माझ्याही पॉलिसीत नाही. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन नूतनीकरण करताना स्वस्त पर्याय निवडला, तेव्हा ते गळले असावे. आपल्याला आनंद झाला असेल तर अभिनंदन. माझे इंजिन गेले तर तो खर्च मी करीन आणि धागा काढणार नाही.

निवृत्त सर्व्हेअर:
बत्तीस वर्षे मी मोटार दाव्यांची पाहणी केली, त्यामुळे माझ्याविषयी जे मत व्हायचे ते होऊ द्यावे. धागाकर्त्यांनी एक गोष्ट सांगितलेली नाही. इंजिन बंद पडल्यावर आपण पुन्हा स्टार्टर मारला होता का? अपघात किंवा बिघाडानंतर आवश्यक दुरुस्ती न करता गाडी चालवल्यास वाढलेल्या नुकसानाची जबाबदारी विमाधारकाची, अशी अट पॉलिसीत असते. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. ते पिस्टनच्या वर अडकलेले असताना स्टार्टर मारला की रॉड वाकतो, आणि कंपन्या ‘परिणामजन्य’ म्हणतात ते यालाच.

माटुंगेकर:
मारला होता. दोनदा. मागची बस हॉर्न वाजवत होती, पाणी दाराच्या पट्टीला लागले होते आणि शेजारच्या आसनावर माझी आई बसली होती. पहिल्या मजकुरात हे लिहिले नाही ही चूक मला मान्य आहे. परंतु ठोका आधी ऐकू आला होता, स्टार्टर नंतर मारला.

मुलुंडवासी:
अखेर सत्य बाहेर आले म्हणायचे.

अंधेरीचा मेकॅनिकल:
इतक्या लवकर टाळ्या नकोत. बंद इंजिनाला स्टार्टर मिनिटाला साधारण दोनशे ते तीनशे फेरेच देतो, आणि सिलिंडरमध्ये पाणी असेल तर बहुतेक वेळा ‘टक्’ आवाज करून जागीच अडतो. याउलट चालते इंजिन दीड-दोन हजार फेऱ्यांवर असताना पाणी ओढते, तेव्हा क्रँकशाफ्ट-फ्लायव्हील या जड फिरत्या भागांचा सगळा जोर त्या एका रॉडवर येतो. गाडी चालू असताना ठोका देऊन इंजिन बंद पडले असेल, तर रॉड तिथेच वाकला असण्याची शक्यता मोठी आहे. सर्व्हेअरकाकांच्या व्यवसायात प्रत्येक वाकलेला रॉड स्टार्टरच्याच माथी मारायची सवय आहे, असे मी वर्कशॉपमध्ये अनेकदा पाहिले आहे.

निवृत्त सर्व्हेअर:
सवयीविषयीचा टोमणा मी सोडून देतो. लहान इंजिनाचा बारीक रॉड स्टार्टरनेही वाकतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मात्र ठोका आधी झाला असेल, तर आपला युक्तिवाद खोडणे मला कठीण जाईल, हे नाइलाजाने मान्य करतो. सर्व्हेअरच्या चांगल्या अहवालात कोणते नुकसान पाण्याचे आणि कोणते त्यानंतरच्या प्रयत्नांचे, हे वेगळे करून लिहायला हवे. तसे न करता सगळा दावा फेटाळणे हा आळस आहे. अहवालाची प्रत धागाकर्त्यांनी मागितली आहे का?

माटुंगेकर:
ती मला मिळू शकते, हेच मला ठाऊक नव्हते.

ग्राहक आयोगात वकिली करणारी:
लेखी मागा, तो आपला अधिकार आहे. अपवादाचे कलम लावून दावा नाकारला, तर तो अपवाद लागू होतो हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो. कंपनीच्या तक्रार विभागाला पत्र द्या. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालांकडे जा. मुंबईचे कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला आहे. तेथे शुल्क नाही आणि माझ्यासारख्या वकिलांना उभे राहता येत नाही, हे आपल्या फायद्याचेच समजा. तक्रार अंतिम नकारापासून एका वर्षात व्हायला हवी. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आणि तो आपल्याला पटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा राहतो. दोन्हीकडे एकाच वेळी मात्र जाऊ नका. मूळ पॉलिसीत इंजिनाचा खर्च मिळतो की नाही, याविषयी निकाल दोन्ही बाजूंनी लागलेले आहेत, त्यामुळे येथे कोणी छातीठोकपणे बोलू नये.

निवृत्त सर्व्हेअर:
आणखी एक. आपण म्हणालात की एअर फिल्टर भिजलेला होता. पाणी हवेच्या वाटेने आत गेले, याचा तो सर्वांत साधा पुरावा आहे. तो कोठे आहे?

माटुंगेकर:
गॅरेजने नवा बसवताना जुना बाजूला टाकला. छायाचित्र काढायचे मला सुचले नाही.

मुलुंडवासी:
मत बदललेले नाही. परंतु गॅरेजवाले भंगार रोज विकत नाहीत, पोते भरल्यावर विकतात. येथे लिहीत बसण्यापेक्षा आत्ता फोन करा.

माटुंगेकर:
केला. पोते अजून तेथेच आहे. उद्या सकाळी आठला जातो आहे.