घर शोधताना एजंट की ऑनलाइन? तुमचे अनुभव सांगा

आई-बाबांना सोलापूरहून कायमचं पुण्याला आणायचं म्हणून गेले चार महिने भाड्याचा टूबीएचके शोधत होते. अठरा घरं पाहिली. सुरुवातीला सगळं ऑनलाइन. 'थेट मालकाकडून, ब्रोकरेज नाही' असं लिहिलेल्या जाहिरातींना फोन केले, तर निम्म्याहून जास्त ठिकाणी एजंटच बोलला. आवडलेलं घर 'कालच गेलं' असायचं आणि 'तसंच दुसरं दाखवतो' हे ठरलेलं. फोटोत ऐसपैस दिसणाऱ्या एका हॉलमध्ये आईचा वॉकर वळत नव्हता.

शेवटी कर्वेनगरातल्या एका एजंट काकांनी घर मिळवून दिलं. त्यांनी बजेटच्या आधी विचारलं, "आईंना किती पायऱ्या चढवतात?" मग वीज गेल्यावरही लिफ्ट चालते अशा दोनच इमारती दाखवल्या. एका महिन्याचं भाडं ब्रोकरेज म्हणून मी आनंदाने दिलं. आता तुम्ही लिहा. फसता फसता वाचला असाल तर नक्की लिहा.

उंड्री, पुणे
आम्ही फ्लॅट विकत घेतला, एजंटशिवाय. महारेराच्या, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की मंजूर नकाशे, ताबा कधीपर्यंत द्यायचा ती तारीख, सगळं दिसतं. एजंट गाठलात तर त्याचाही महारेरा क्रमांक मागा, नोंदणी त्यालाही सक्तीची आहे. पण पाण्याचं काय, हे कुठल्याच जाहिरातीत नसतं. आम्ही सकाळी सातला गेटवर जाऊन उभे राहिलो. अर्ध्या तासात तीन टँकर आत गेले. वॉचमन म्हणाला, "मे महिन्यात या, रांग लागते." ती इमारत सोडली. आणखी तीन महिने शोधलं, पण कॉर्पोरेशनचं पाणी असलेलं घर घेतलं. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा सरकारी दाखला, हातात घेऊन वाचल्याशिवाय टोकन देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती.

ठाणे
आमचे पैसे गेले. भाडं आजूबाजूच्या मानाने कमी, फोटो सुरेख. समोरच्याने सांगितलं, मी सैन्यात आहे, बदली झालीय. ओळखपत्राचा फोटोही पाठवला. "घर बघायला सोसायटीचा गेटपास लागतो, 2,500 भरा, भाड्यातून वळते करतो." भरले. मग डिपॉझिटचे मागितले, तेव्हा कुठे शंका आली. मी त्या पत्त्यावर गेले, तर त्या फ्लॅटमध्ये एक कुटुंब सहा वर्षांपासून राहत होतं. 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार केली. घर दाखवायला कुणी पैसे मागितले तर फोन ठेवून द्या.

मुलुंड
मी एकटी राहते, नोकरी करते. ऑनलाइन 'फॅमिली ओन्ली'वर टिचकी मारलेली दिसली की पुढे जायचं, निदान तोंडावर कुणी बोलत नाही. एजंटकडे मात्र आडनाव, गाव, मासे करता का, रात्री किती वाजता येता, हे सगळं घर दिसायच्या आधी. आमच्याकडे बांगडा आठवड्यातून दोनदा होतो, तो मी लपवणार नाही. एका एजंट ताईंनी मालकिणीला माझ्यासमोरच स्पीकरवर फोन लावला आणि ठणकावून सांगितलं, "मुलगी नोकरीवाली आहे, वेळेवर भाडं देईल, बाकी तिचं ती बघेल." आज त्याच घरात तिसरं वर्ष चालू आहे.

म्युनिक
जर्मनीत 1 जून 2015 पासून भाड्याच्या घराला नियम आहे, एजंटला ज्याने काम दिलं त्यानेच त्याचे पैसे द्यायचे. म्हणजे बहुतेक वेळा मालकाने. त्यामुळे शोध ऑनलाइनच. जाहिरात आली की तासाभरात अर्ज करायचा, नाहीतर उत्तरही येत नाही. आम्हाला मिळालेल्या घरात ओटा, सिंक, शेगडी काहीच नव्हतं, भिंतीतून नुसते नळाचे पाइप बाहेर आलेले. इथे स्वयंपाकघर बरेचदा भाडेकरू स्वतःच बसवतो. जाहिरातीत ते लिहिलेलं होतं, आम्ही वाचलं नव्हतं.

धागा काढणारी
सगळ्यांचे आभार. भाडेकरार 11 महिन्यांचा असला तरी आपल्याकडे नोंदणी सक्तीची आहे, ती टाळू नका. आमचा करार बाबांच्या नावावर केला. एजंट काका नोंदणीसाठी ठसा घ्यायचं मशीन घेऊन घरी आले, पण बाबांच्या अंगठ्याचा ठसा काही उमटेना. चाळीस वर्षं लेथवर काम केलेले हात. काकांनी कोमट पाणी मागवलं, स्वतः बाबांचा हात धुऊन पुसला, पुन्हा अंगठा टेकवला. पाचव्या वेळी लागला.