खाणं तेच, गोळ्या त्याच, तरी बाबांची शुगर वाढली आहे. मदत हवी आहे

नमस्कार. बाबांना (वय ६७) बरीच वर्षं टाइप २ मधुमेह आहे. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड या गोळ्या आणि रात्री झोपताना ग्लार्जिन इन्सुलिन असं चालू आहे. सगळं आटोक्यात होतं. उपाशीपोटी ११० ते १३०, जेवणानंतर दोन तासांनी १६०-१७०, मागचं एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) ७.१. आता उपाशीपोटीच १८०-१९० येतंय. मध्यंतरी संध्याकाळची तीनशेवर गेली होती. ती उतरली, सकाळची मात्र उतरत नाही.

खाण्यात काडीचाही बदल नाही. मी त्यांच्यासोबतच राहते, सोबतच जेवते, म्हणून हे खात्रीने लिहिते आहे. पण घरी येणारा प्रत्येक नातेवाईक एकच विचारतो, "चोरून गोड खाताय ना?" बाबांनी आता उत्तर देणंच सोडलंय. परवा मीटर पुढे केला तर म्हणाले, "नको, परत तेच ऐकायचं." इतकी वर्षं नेमाने पथ्य पाळणाऱ्या माणसावर हा आळ यावा याचं मला फार वाईट वाटतं.

खाण्याव्यतिरिक्त शुगर कशाकशाने वाढू शकते? पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं आहे. काय नोंदवून नेऊ, काय विचारू?

उपयोगी पडेल म्हणून: ताप नाही, लघवीची तपासणी केली, संसर्ग नाही. वजन तेवढंच आहे, चालणं सुरू आहे, नवीन गोळी नाही. काही महिन्यांपासून उजवा खांदा आखडला आहे, त्यासाठी मध्ये एकदा खांद्यात इंजेक्शन दिलं होतं. त्या कुशीवर झोपता येत नाही, रात्री सारखी जाग येते.

प्रतिसाद १

ताई, खांद्यातलं इंजेक्शन कशाचं होतं ते आधी बघा. आखडलेल्या खांद्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड देतात. ते सांध्यात दिलं तरी थोडं रक्तात उतरतंच आणि मधुमेह असलेल्यांची शुगर काही दिवस चांगलीच वर जाते. साधारण आठवडाभरात ओसरते. मधुमेहात खांदा आखडण्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त असतं, त्यामुळे ही जोडी नेहमी दिसते.

दम्यासाठी किंवा ॲलर्जीसाठी पोटात घ्यायच्या स्टेरॉइडचंही तेच. प्रेडनिसोलोन सकाळी घेतलं की उपाशीपोटीची ठीक आणि दुपारनंतरची उंच, असं चित्र दिसतं. फक्त सकाळी तपासणाऱ्याला ते कळतच नाही. कुठल्याही डॉक्टरांनी काही टोचलं किंवा लिहून दिलं की शुगरच्या डॉक्टरांना कळवायचं, हा नियमच करा.

धागाकर्ती

कागद काढून पाहिला. ट्रायमसिनोलोन, म्हणजे स्टेरॉइडच. संध्याकाळची तीनशेवर गेली ती त्याच आठवड्यात! तेव्हा बाबांना किती बोलणी बसली होती. पण त्याला आता बरेच दिवस झाले. मग सकाळची अजून का वर?

प्रतिसाद २

सकाळच्या शुगरसाठी रात्री काय होतंय ते बघावं लागेल. पहाटे शरीर जागं व्हायच्या तयारीला लागतं, कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन वाढतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. ज्याचं इन्सुलिन पुरेसं आहे त्याला हे जाणवत नाही, मधुमेहात मात्र काही न खाताही आकडा चढतो. इंग्रजीत याला डॉन फिनॉमेनन म्हणतात. पोटात अन्नाचा कणही नसताना शुगर वाढते, हे तुमच्या नातेवाइकांना जरूर सांगा.

दोन-तीन रात्री झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्यावर अशी तपासा. झोपतानाचीच जास्त असेल तर प्रश्न संध्याकाळचा. तीनला ठीक आणि उठल्यावर जास्त, तर पहाटेचा. तीनला ७० च्या खाली दिसली तर लगेच साखर द्या आणि सकाळी डॉक्टरांना फोन करा, कारण मग इन्सुलिन वाढवणं घातक ठरेल. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड दोन्ही घेणाऱ्याचा डोस नुसत्या सकाळच्या आकड्यावर वाढवू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.

शिवाय दुखणं आणि मोडलेली झोप. दोन्हींमुळे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. खांद्याचा इलाज हा शुगरचाही इलाज आहे असं समजा.

प्रतिसाद ३

मी स्वतः इन्सुलिनवर आहे. बाबा टोचतात कुठे? रोज एकाच जागी टोचत राहिलं की कातडीखाली चरबीची मऊ किंवा घट्ट गाठ तयार होते. तिथून इन्सुलिन धड शोषलं जात नाही, एक दिवस कमी, एक दिवस जास्त. त्या जागी टोचलेलं दुखतही कमी, म्हणून माणूस नकळत तिथेच टोचत राहतो. डोळ्यांना दिसेलच असं नाही. बोटांनी चाचपून बघा.

धागाकर्ती

आत्ताच चाचपलं. बेंबीच्या डाव्या बाजूला लिंबाएवढा फुगवटा आहे! पूर्वी ते पोट आणि मांड्या आलटून पालटून टोचायचे. खांदा धरल्यापासून डाव्या हाताने टोचतात, त्या हाताला सवय नाही, म्हणून दुखत नाही ती एकच जागा धरली आहे. आज रात्रीपासून जागा बदलू का?

प्रतिसाद ३

बदलायचीच आहे, पण आधी डॉक्टरांना फोन करा, आठवडाभर थांबू नका. चांगल्या जागी तेवढाच डोस टोचला तर तो पूर्ण लागू होतो आणि शुगर एकदम खाली जाऊ शकते. डॉक्टर बहुधा डोस कमी करून सुरू करायला सांगतील आणि वरचेवर तपासायला लावतील. पुढे प्रत्येक टोचणी आधीच्या जागेपासून निदान बोटभर दूर, सुई दर वेळी नवी, आणि टोचल्यावर दहापर्यंत मोजून मग सुई बाहेर.

प्रतिसाद ४

आणखी काही गोष्टी भराभर. तपासण्याआधी हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करा. बोटाला फळाचा रस लागलेला असेल तर मीटर भलताच आकडा दाखवतो. स्ट्रिपची मुदत बघा, डबीचं झाकण उघडं राहिलं होतं का तेही. इन्सुलिन उन्हात तापलं किंवा गोठलं असेल तर फेकून द्या. हिरड्या सुजल्या असतील तर दाताच्या डॉक्टरांना दाखवा, हा छुपा संसर्ग हमखास विसरला जातो. लोह कमी असल्याने रक्त कमी असेल तर एचबीएवनसी खोटंच जास्त येऊ शकतं, म्हणून हिमोग्लोबिनचा कागदही न्या.

उलट्या, ग्लानी, भराभर श्वास किंवा न भागणारी तहान यांच्यासोबत शुगर वर गेली तर वेळेची वाट न बघता दवाखाना गाठा. कारण नसताना वजन उतरू लागलं तर तेही लगेच सांगा, स्वादुपिंड तपासावं लागतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांशी फोनवर बोलले. डोस थोडा कमी करून आजपासून उजव्या बाजूला टोचायला सांगितलं आहे, पहाटे तीनची शुगरही बघायची आहे. टोचायचं काम आता मी करणार. बाबांना हा धागा वाचून दाखवला. संध्याकाळी काका आले तेव्हा त्यांनी स्वतःच पोटावरची गाठ दाखवून सगळं समजावून सांगितलं.

एक राहिलंच. ही गाठ आपोआप जिरते का?

प्रतिसाद ३

तिथे टोचणं पूर्ण बंद ठेवलं तर हळूहळू जिरते, पण काही महिने लागतात. अधूनमधून चाचपून बघत राहा आणि उजव्या बाजूलाही तसंच होऊ देऊ नका.