मदत हवी आहे: स्टिअरिंग व्हीलला आर्केड बटणं जोडली, पण तीन दाबली की चौथं आपोआप लागतं

मंडळी, नमस्कार. मी मुलुंडला राहतो. सोल्डरिंग आणि मल्टिमीटर चांगलं जमतं, प्रोग्रामिंग जेमतेम.

मोठ्या भावासाठी जुनं गेमिंग स्टिअरिंग व्हील बदलून घेतोय. अर्धांगवायूनंतर दादाच्या उजव्या हाताची बोटं नीट वळत नाहीत, पण तळहाताने तो छान जोर देतो. व्हीलवरची मूळ बटणं शर्टाच्या गुंडीएवढी, ती त्याला दाबताच येत नाहीत. रेसिंग हा त्याचा जीव की प्राण, आणि तो पुन्हा खेळायला लागावा ही घरात सगळ्यांचीच इच्छा आहे.

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून ३० मिमीची आठ आर्केड बटणं आणली आणि प्लायच्या पेटीत बसवली. पेटी टेबलाला क्लॅम्प केली आहे. दादा डाव्या हाताने व्हील फिरवतो, उजव्या तळहाताने बटणं दाबतो. प्रत्येक बटणाखालच्या मायक्रोस्विचचे सीओएम (सामाईक) आणि एनओ (दाबल्यावर जोडला जाणारा) हे पाय वापरलेत, एनसी (दाबल्यावर तुटणारा) मोकळा. तिथून तारा व्हीलमधल्या मूळ सर्किट बोर्डावर, त्या त्या बटणाच्या दोन पॅडना सोल्डर केल्या. व्हील ९०० अंश फिरतं, ते संगणकातल्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरमधून २७० वर आणलंय. त्यामुळे तारांना ढील ठेवून भागतं.

एकेक बटण उत्तम चालतं. दोन एकदम दाबली तरी ठीक. पण हँडब्रेक आणि मागचा आरसा दाबून धरला असताना दादाने गिअर खाली घेतला, की पॉजसुद्धा लागतो आणि ऐन वळणावर गेम थांबतो. तळहात मोठा, बटणं शेजारी शेजारी, त्यामुळे तीन बटणं एकदम दाबली जाणं हे नेहमीचंच. विंडोजच्या गेम कंट्रोलर खिडकीतही चौथा दिवा लागलेला स्पष्ट दिसतो.

तारांमध्ये कुठे शॉर्ट नाही, तपासलं. मूळ बोर्डावर १२ बटणांसाठी सातच तारा जातात. दोष तिथेच असेल का? आणि मूळ बोर्ड न बिघडवता तो काढता येईल का?

प्रतिसाद

दोष तिथेच आहे. ३ ओळी आणि ४ स्तंभ मिळून सात तारा, म्हणजे बटणांची मॅट्रिक्स, ओळी-स्तंभांची जाळी. बोर्डावरची कंट्रोलर चिप एकेक ओळ चालू करून कुठल्या स्तंभावर सिग्नल आला ते बघते. दोन ओळी आणि दोन स्तंभांनी होणाऱ्या चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं दाबली की त्या तिघांमधून उलटा फिरून करंट चौथ्या कोपऱ्यापर्यंत पोचतो, आणि चिपला ते बटणही दाबल्यासारखं वाटतं. तुमचा पॉज नेमका त्या कोपऱ्यावर आहे. बोटांनी खेळणारा अशी तीन बटणं क्वचितच एकदम दाबतो, म्हणून मूळ व्हीलमध्ये ते कुणाला जाणवत नाही.

उपाय एक: प्रत्येक बटणाच्या एका तारेत एकेक १एन४१४८ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), सगळ्यांची दिशा सारखी. आधी एकाच बटणाला लावून पाहा. बटण लागलंच नाही तर डायोड उलटा करा.

पण तुमच्या जागी मी दुसरा उपाय करीन. पेटीतच प्रो मायक्रो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड बसवा. त्यातल्या एटीमेगा३२यू४ चिपला स्वतःचं यूएसबी असतं, त्यामुळे संगणकाला तो थेट जॉयस्टिक म्हणून दिसतो. ऊनो आर३ हा दुसरा बोर्ड घेऊ नका, त्याच्या मुख्य चिपला हे जमत नाही. आठ बटणांना आठ पिना, प्रत्येकाची दुसरी तार एकत्र करून ग्राउंडला. इथे मॅट्रिक्स नाही, म्हणून डायोडही नकोत आणि आठही बटणं एकदम दाबली तरी गोंधळ नाही. प्रोग्राममध्ये पिना इनपुट पुलअपवर ठेवा, म्हणजे बटण दाबलेलं नसताना पिन आपोआप ‘हाय’ राहते. बटण दाबताना आणि सुटताना संपर्क क्षणभर थरथरतो, त्यासाठी दहाएक मिलिसेकंदांचा डीबाउन्स द्या, म्हणजे तेवढा वेळ ती थरथर मोजू नका. जॉयस्टिकची लायब्ररी, म्हणजे आधीच लिहिलेला कोड, तयार मिळते, प्रोग्राम पानभराचाही होत नाही. इथे टाका, मी तपासून देईन.

यात फिरत्या व्हीलमधून बाहेर येणाऱ्या तारा जातात, हा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो. सोल्डर केलेले पॅड रोजच्या ओढाताणीने उखडतात.

बोर्ड घेण्याआधी एक करा. कुठलाही साधा गेमपॅड व्हीलसोबत लावून, दादांच्या गेममध्ये त्याचं एखादं बटण हँडब्रेकला नेमून पाहा. काही गेम एकाच वेळी दोन कंट्रोलर घेत नाहीत. तसं निघालं तर डायोडच लावा.

धागाकर्ता

मनापासून आभार. शेजारच्या मुलाचा गेमपॅड लावून बघितला. गेम दोन्ही घेतो, हँडब्रेक गेमपॅडवरून लागला. म्हणजे प्रो मायक्रोच. शनिवारी बोर्ड आणायला ग्रँट रोडला उतरतो.

अजून एक विचारतो. बटणांत दिवे आहेत आणि त्यांवर १२ व्होल्ट लिहिलंय. दादाला अंधारात बटणं दिसावीत म्हणून ते हवेत. यूएसबीच्या ५ व्होल्टवर लागतील का?

प्रतिसाद

अगदी मंद लागतील, नाहीतर लागणारच नाहीत. ५ व्होल्टचे दिवे वेगळे मिळतात, बटणाच्या खालचा होल्डर फिरवला की दिवा बदलता येतो. घेताना जुना दिवा सोबत न्या, बैठकीचं माप जुळायला हवं. दिव्यांचा ५ व्होल्ट ५ व्होल्टच्या बोर्डाच्या व्हीसीसी या वीजपुरवठ्याच्या पिनेवरून घ्या, बटणांच्या पिनांवरून नको.