परदेशातल्या स्टाफ पार्टीत आपलं ताट : अनुभव लिहा

मराठवाड्यातून इंग्रजी शिकवायला बाहेर गेलेली माणसं आता बऱ्याच गावांत सापडतात. इथं एम.ए., बी.एड. करून तासिका तत्त्वावर वर्षं निघून जातात, म्हणून कोणी थायलंड गाठतं, कोणी ओमान, कोणी मालदीव. पगार आणि व्हिसा यावर सगळे बोलतात. मला विचारायचंय ते वर्षाच्या शेवटी होणाऱ्या स्टाफच्या पार्टीबद्दल. वर्गात आपण बोलतो आणि समोरचे ऐकतात. त्या संध्याकाळी मात्र सगळे त्यांच्या भाषेत बोलत असतात आणि आपण हातात ताट घेऊन उभे असतो. तेव्हा काय झालं, काय खाल्लं, कोण जवळ आलं ते लिहा. शाळेचं किंवा माणसांचं नाव नको. सुरुवात मी करते.

औसा तालुका, थायलंडमधे ३ वर्षं

खोन केन प्रांतात सरकारी शाळेत होते. या ईशान्य भागाला इसान म्हणतात. कोरडवाहू शेती, कडक ऊन आणि बोलायला मोकळी माणसं, त्यामुळं मला तिथं परकं कधी वाटलं नाही. २०२२ ची नववर्षाची पार्टी २३ डिसेंबरला ठेवली आणि नेमकी त्याच दिवशी येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी गावात कुणी सापडत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप, आत पाच पांडवांची पूजा, भज्जी म्हणजे शेंगा-डाळींची मिसळ भाजी, पिठाचे उंडे, आंबील. दुपारी भावानं व्हिडिओ कॉल लावला. वडील ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’ म्हणत पिकावर आंबील शिंपडत होते. मी स्टाफरूमच्या मागं जाऊन बघितलं, डोळे पुसले आणि आत आले.

आमचं घर लिंगायत, मी मांसमच्छी खात नाही. तिकडं शाकाहाराला ‘मांगसाविरत’ म्हणतात, म्हणजे मांस आणि विरती, आपलेच शब्द. पण शब्द सांगून भागत नाही, कारण साध्या भाजीतसुद्धा माशाचा रस, नाम प्ला, पडलेला असतो. इसानमधे कच्च्या पपईच्या सोमतामातही आंबवलेला मासा घालतात. आधीच्या दोन्ही पार्ट्यांत मी भात आणि काकडी खाऊन परतले होते.

गणिताच्या एक बाई होत्या, पन्नाशीच्या. त्यांना सगळे ‘पी’ म्हणत, म्हणजे वडील भाऊ किंवा बहीण. मी मनात अक्का म्हणायचे. त्यांनी मला हाताला धरून टेबलाच्या टोकाला नेलं. तिथं चिकट भाताची बांबूची छोटी टोपली होती, झाकणावर लाल रबरबँड गुंडाळलेला. शेजारी केळीच्या पानावर भाजलेले शेंगदाणे, सुकी मिरची, लसूण आणि मीठ, उखळात कुटलेलं. तो भात सगळे एकाच टोपलीतून हातानं घेऊन खातात. माशाला लागलेला हात माझ्या भातात जाऊ नये म्हणून तो रबरबँड. मी भाताचा गोळा करून त्या कुटात दाबला आणि तोंडात घातला. शेंगाची चटणी, दुसरं काही नाही. येळवशीच्या दिवशी!

जेवणानंतर भेटींच्या चिठ्ठ्या. प्रत्येकानं किमान ३०० बातची (बात म्हणजे तिकडचं चलन) वस्तू आणायची आणि नंबर निघेल त्यानं घ्यायची. माझी हिमरूची शाल हस्तकलेच्या बाईंना लागली. त्यांच्या आई मदमी, म्हणजे तिकडचं रेशमी कापड, विणायच्या. बाईंनी शाल आधी उलटी केली, मागच्या बाजूचे सुटे धागे बोटानं चाचपले, मग खांद्यावर घेतली. विणकराच्या घरातलं माणूस कापड उलट्या बाजूनंच बघतं.

परभणी, इथिओपियात ६ वर्षं

मी तिथल्या विद्यापीठात इंग्रजी शिकवत होतो. त्यांचा नाताळ ७ जानेवारीला, त्याला गन्ना म्हणतात. त्याआधी ४० दिवसांहून जास्त उपवास. उपवासात मांस, दूध, अंडी सगळं बंद, म्हणजे कडधान्यं, भाज्या आणि तेल. विभागाचं स्नेहभोजन त्याच उपवासात, एका शुक्रवारी झालं. मोठ्या थाळीवर इंजेरा, आपल्या आंबोळीसारखा पण आंबट आणि जाळीदार. त्यावर मसूर, कोबी, बीट आणि मधे शिरो. नाव शिरो, पण चवीला थेट पिठलं. मसाला वेगळा, पण हरभऱ्याच्या पिठाचा वास कुठंही ओळखू येतो.

त्या वर्षी ऑगस्टमधे आई गेली होती. तिकीट मिळेपर्यंत इथं सगळं आटोपलं होतं. विभागात कोणाला फारसं सांगितलंही नव्हतं. जेवताना कार्यालयातल्या वयस्कर बाईंनी इंजेऱ्याचा मोठा घास केला आणि सगळ्यांसमोर माझ्या तोंडाशी आणला. याला गुरशा म्हणतात. जवळच्या माणसाला घास भरवायचा, आणि तो नाकारायचा नसतो. मी तोंड उघडलं. पुढचं काही मिनिटं मला बोलता आलं नाही. त्या काहीही न विचारता दुसरा घास करत होत्या.

नंतर कॉफी. जमिनीवर हिरवं गवत पसरलेलं, निखाऱ्यावर बिया भाजून सगळ्यांच्या नाकाशी फिरवतात. तीन फेऱ्या होतात, अबोल, तोना, बरका. तिसरी घेतल्याशिवाय उठू नका, बरका म्हणजे आशीर्वाद.

हिंगोली, व्हिएतनाम

माझा अनुभव चांगला नाही, पण नवीन जाणाऱ्यांना माहीत असावा म्हणून लिहितो. २० नोव्हेंबर तिकडं शिक्षक दिन, विद्यार्थी फुलं घेऊन येतात, तो दिवस फार गोड. तेत म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, त्याआधी भाषा केंद्रानं ‘स्टाफ पार्टी’ म्हणून बोलावलं. गेलो तर कॅमेरे लावलेले. परदेशी शिक्षकांनी पालकांसमोर नाचायचं, गायचं, मग त्याचीच जाहिरात. गोऱ्या शिक्षकांना पुढं उभं केलं, मला आणि फिलिपिन्सच्या दोघींना मागच्या रांगेत. शिकवायला आम्हीच जास्त तास घेत होतो. मी दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांकडं जाऊन बोललो, काही बदललं नाही, करार संपल्यावर सोडलं. करारात ‘कार्यक्रमांना हजेरी’ असं काही असेल तर त्याचे पैसे मिळणार का, हे सही करण्याआधी विचारा.

त्याच रात्री त्या दोघी फिलिपिनो मैत्रिणींच्या खोलीवर आम्ही अंडाकरी आणि भात केला. माझी खरी पार्टी ती.

बीड, मालदीव

छोट्या बेटावरची शाळा. वस्तीच्या बेटांवर दारूला बंदी, त्यामुळं पार्टी म्हणजे खाणं आणि बोदुबेरू. हे मोठे ढोल. सुरुवातीला ठेका सावकाश असतो, मग चढत जातो, आणि शेवटी बसून राहणं अवघड होतं. माझ्या चुलत्यांची हलगी ऐकत मी मोठा झालो, त्यामुळं हात आपोआप चालले. तिथल्या शिपायानं एक ढोल माझ्याकडं सरकवला. तोवर मला सगळे सर म्हणत, त्या रात्रीनंतर भाऊ म्हणायला लागले.

आणखी एक. त्यांची धिवेही भाषा उजवीकडून डावीकडं लिहितात, पण अंक मोजताना कान टवकारा. तिने, हथरे, फहे, हये, हथे, अशे, नुवए. आपल्या तीन-चार-पाचाचीच भावंडं आहेत.

जालना, ओमान

लांबलचक नाही, एकच गोष्ट. महिला सहकाऱ्यांची वेगळी बैठक होती. खजूर आणि कहवा, म्हणजे तिकडची कॉफी. लहान कप, फिंजान. रिकामा झाला की लगेच भरतात. मी संकोचानं पीत राहिले, कारण नको म्हणणं अपमान होईल असं वाटायचं. शेवटी शेजारच्या बाईंनी माझं मनगट हलकेच धरलं आणि कप दोन-तीनदा डावी-उजवीकडं हलवून दाखवला. म्हणजे पुरे. त्यांनी हे कोणाला कळू न देता केलं. त्यांच्या घरी मी पुढं ४ ईद केल्या.

संभाजीनगर, जपान

नवऱ्याची नोकरी टोकियोत, मी बालवाडीत इंग्रजी शिकवते. डिसेंबरमधे बोनेनकाई, सरलेलं वर्ष विसरण्याची मेजवानी. ज्यांच्याकडं आयोजन असतं त्यांना ‘कांजी’ म्हणतात, आपण शाकाहारी आहोत हे त्यांना आठवडाभर आधी सांगा. मी पहिल्या वर्षी तिथं बसल्यावर सांगितलं, तर २० माणसांचं जेवण माझ्यापायी थांबलं, कारण सूपसुद्धा माशाच्या अर्काचं. मला लाज वाटली आणि त्यांनाही. दुसऱ्या वर्षी कांजींनी उपाहारगृहाशी आधीच बोलून ठेवलं होतं. ‘कान्पाई’ होईपर्यंत पेल्याला तोंड लावायचं नाही, आणि आपला पेला आपण भरायचा नाही, शेजाऱ्याचा भरायचा. चहा पीत असाल तरी हेच.

उदगीर

माझी मुलगी थायलंडला निघालीय, पहिलीच वेळ आहे. हा धागा तिला वाचायला दिला. औशाच्या ताईंना विचारायचंय, बरोबर काय द्यावं?

औसा तालुका

काका, येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ) आणि ज्वारीचं पीठ द्या. शेंगाची चटणी नाही दिली तरी चालेल, शेंगदाणा तिथं मिळतो आणि उखळ प्रत्येक घरात असतं. हिमरूच्या दोन शाली ठेवा. आणि तिला ‘पी’ हा शब्द पहिल्या दिवशीच शिकवा, वयानं मोठ्या बाईंना नुसत्या नावानं हाक मारू नको म्हणावं. मी परत आल्यावर अक्कांनी एकदा विचारलं होतं, तुमच्या शेतातल्या सणाला काय करता. मी भज्जीचं सगळं साहित्य लिहून पाठवलं. त्यांनी तिकडच्या शेंगा, वाल आणि मुगाच्या डाळीचं पीठ घालून केली. फोटो आलाय, रंग जरा फिका आहे. चिंच थोडी जास्त घाला म्हणून कळवलंय.