मदत हवी आहे: भरतीला संडासातून पाणी वर येतंय (तळमजला)

गटारग्रस्त: चार दिवस झाले, भरती आली की आमच्या मोरीत आणि संडासात घाण पाणी उलटं वर येतं. महापालिकेत 'नोंद घेतली' एवढंच ऐकायला मिळालं. सेक्रेटरी म्हणतात, समुद्राला मी काय करू? नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा) बसवला तर थांबेल का? किती इंची घ्यायचा? लवकर सांगा, सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत.

खाडीकाठ: राहता कुठे? लाईन महापालिकेच्या मलवाहिनीला जोडलेली आहे की सेप्टिक टाकी आहे? इमारत किती मजली?

गटारग्रस्त: मुंबईतच हो. व्हॉल्व्हचं सांगा ना.

तिरकस: मुंबई कुलाब्यापासून दहिसरपर्यंत आहे.

गटारग्रस्त: वर्सोवा. तळ अधिक चार. सेप्टिक नाही, रस्त्यातल्या लाईनला जोडलंय.

मासळीबाजार: तुमच्या मोरीत आलं म्हणून कळलं. आमच्या जाळ्यात कधीपासून येतंय! वरळी आणि वांद्र्याला मैला चाळायचा, वाळू काढायची आणि बोगद्यातून साडेतीन किलोमीटर आत समुद्रात सोडायचा, हीच आजवरची रीत.

आकडेमोड: वरळीचा ३.४, वांद्र्याचा ३.७ किमी. आणि सात नव्या प्रक्रिया केंद्रांचं भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झालंय, एकूण २,४६४ दशलक्ष लिटर रोज. वर्सोव्याचं त्यातलं १८०.

मासळीबाजार: भूमिपूजनाने पापलेट परत येत नाही.

घरचा_वैद्य: पिण्याच्या पाण्यात तुरटी फिरवून उकळून घ्या. आमच्याकडे तीस वर्षं हेच.

तिरकस: वैद्यबुवा, त्या नळातून नाही हो, संडासातून येतंय.

नळजोडणी: व्हॉल्व्ह जपून. मेन लाईनवर बसवलात आणि तो बंद झाला, तर वरच्या चार मजल्यांचं पाणी जाणार कुठे? सगळ्यात खालची मोरी तुमचीच. बसवायचाच तर फक्त तुमच्या फांदीवर. त्याआधी पाणी येण्याच्या वेळा सांगा.

गटारग्रस्त: रोज सकाळी सात ते नऊ. दुपारी आपोआप उतरतं.

खाडीकाठ: रोज त्याच वेळी? मग भरती नव्हे. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. तुमची काय सातच्या लोकलने येते? सात ते नऊ म्हणजे अख्ख्या इमारतीच्या आंघोळी. लाईन तुंबलीय.

पक्का_मुंबईकर: सोपं आहे, एक माणूस चेंबरमध्ये उतरवा, दोन तासांत मोकळं.

नियमबाई: अजिबात नाही! २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. आत वायू साठलेला असतो, पहिला बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. जेटिंग मशीन बोलवा, जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने लाईन वरूनच मोकळी करतं.

पक्का_मुंबईकर: आमच्याकडे असंच करतात, काही होत नाही.

नियमबाई: अजून झालेलं नाही, एवढंच.

नळजोडणी: भांडण नंतर. ताई, उद्या साडेसातला आवारातली सगळी चेंबर वरूनच उघडून बघा. गेटजवळचं शेवटचं तुडुंब असेल तर दोष रस्त्यातल्या लाईनचा, मग महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर तसं स्पष्ट सांगा. ते रिकामं आणि आधीचं भरलेलं, तर त्या दोघांच्या मध्ये अडकलंय.

गटारग्रस्त: बघितलं. वॉचमनने पहारीने झाकण उचललं, काठावर झुरळं नुसती बुजबुजलेली. गेटजवळचं जवळजवळ कोरडं, त्याच्या आधीचं काठोकाठ. जेटिंगवाल्याने नारळाच्या शेंड्या आणि ओल्या वाइप्सचा हा एवढा गोळा काढला, उशीएवढा. पाणी खळ्ळकन गेलं. आता सेक्रेटरी म्हणतात, त्रास तळमजल्याला, तर खर्चही तळमजल्याने द्या!

नियमबाई: सामाईक लाईन आहे, खर्च सोसायटीचा. लेखी मागा.

नळजोडणी: मागा, पण वाइप्स पाण्यात विरघळत नाहीत. कोणाकडे वापरतात ते आधी शोधा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा इथेच याल.

गटारग्रस्त: सासूबाईंसाठी आम्हीच आणतो. पाकिटावर 'फ्लश करता येतात' असं लिहिलंय.

तिरकस: हे सेक्रेटरींना लेखी देऊ नका.