नवा फोन घेतल्याने रेंज सुधारते का?

शाहूनगरकर (सातारा)

घरात रेंज येत नाही अशी तक्रार केली की आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात: सिम पोर्ट करा, नाहीतर फोन बदला. दुसरा सल्ला बहुधा दुकानदाराचा असल्यामुळे तो कोणी मनावर घेत नाही. माझे मत मात्र असे आहे की फोनचा वाटा आपण समजतो त्याहून बराच मोठा असतो, आणि तो न तपासता कंपनी बदलणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

माझे घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी असून मागच्या खोलीला डोंगराच्या बाजूने काळ्या दगडाची जाड भिंत आहे. नुकताच फोन बदलला तेव्हा तेच सिम जुन्या आणि नव्या फोनमध्ये आलटून पालटून घातले आणि दोन्ही फोन त्या खोलीतील एकाच टेबलावर ठेवून पाहिले. जुन्या फोनमध्ये संकेताच्या ताकदीचा आकडा उणे ११६ डीबीएमच्या आसपास येत होता, नव्यात उणे १०८. हा आकडा डेसिबलच्या मापात असतो आणि शून्याच्या जितका जवळ, तितका संकेत चांगला. आणि तीन डेसिबल म्हणजे शक्ती दुप्पट किंवा निम्मी, हे लक्षात घेतले तर आठ डेसिबलचा फरक सहापटींहून अधिक भरतो. गंमत म्हणजे दोन्ही फोनवर रेंजच्या दांड्या दोनच दिसत होत्या.

किती डीबीएमला किती दांड्या दाखवायच्या याचे सर्वांना बांधील असे कोणतेही मानक नाही, हे त्याचे कारण. २०१० मध्ये आयफोन ४ हातात विशिष्ट प्रकारे धरला की संकेत घसरतो असा गदारोळ झाला, तेव्हा दांड्या ठरवण्याचे आपले सूत्रच चुकीचे होते आणि फोन अनेकदा दोन दांड्या जास्त दाखवत होता, हे खुद्द अॅपलने मान्य केले होते. तेव्हा तुलना करायचीच असेल तर आकड्याची करावी. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधील फोनविषयीच्या माहितीत सिमची स्थिती उघडली की तो बहुधा सापडतो. आयफोनमध्ये *३००१#१२३४५#* डायल करावे लागते.

कृष्णाकाठ (सांगली)

प्रयोग कष्टाने केला आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. दोन्ही फोन त्या वेळी एकाच बँडवर, म्हणजे लहरींच्या एकाच वारंवारिता-पट्ट्यावर, होते का, हे आपण सांगितलेले नाही. एक फोन ८५० मेगाहर्ट्झवर आणि दुसरा २३०० मेगाहर्ट्झवर असेल तर दगडी भिंतीआड आठ काय, त्याहून मोठा फरकही सहज पडेल, कारण कमी वारंवारितेच्या लहरी भिंतीतून अधिक चांगल्या शिरतात. शिवाय फोन जो आकडा दाखवतो त्यात काही डेसिबलची चूक मानकानेच क्षम्य मानली आहे. त्यामुळे आपण फोनचा अँटेना मोजला की बँड मोजला की नुसती चूक मोजली, हे सांगता येणार नाही.

दुसरे म्हणजे, सांगलीत आम्हाला सातारकरांसारखा डोंगर आडवा येत नाही, तरीही नेट रडतेच. मी विश्रामबागेत राहतो. सकाळी सातला ज्या फोनवर व्हिडिओ क्षणात सुरू होतो, त्याच फोनवर, त्याच खुर्चीत, रात्री नऊला गोल चक्र फिरत राहते आणि त्या वेळी डीबीएमचा आकडा तसूभरही हललेला नसतो. टॉवरची क्षमता त्या भागातील सगळ्या ग्राहकांत वाटली जाते आणि जेवणे उरकल्यावर सगळेच मोबाइल घेऊन बसतात. अशा ठिकाणी पंचवीस हजारांचा फोन घेतला काय आणि साठ हजारांचा घेतला काय, वाट्याला येणार ते तेवढेच. मी कंपनी बदलली आणि रात्रीचा त्रास संपला. फोन जुनाच आहे.

मिरजेचा मी

एक भर घालतो. भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी ५जी सुरू झाले, तेव्हा एअरटेलने ४जीच्या आधाराने चालणारी पद्धत निवडली आणि जिओने स्वतंत्र ५जीची. पहिल्या पद्धतीत जवळच्या ४जी टॉवरने ५जीची सोय असल्याचे कळवले की काही फोन वर ५जी लिहून मोकळे होतात, प्रत्यक्ष डेटा ४जीवरून येत असला तरी. त्यामुळे चिन्ह पाहून गती ठरवू नये. तसेच परदेशातून नातेवाइकांनी आणलेला जुना फोन असेल तर त्यात बँड ४० (२३०० मेगाहर्ट्झचा पट्टा) आहे का, हे आधी पाहावे. नसेल तर इथल्या ४जीचा मोठा भाग त्या फोनला दिसतच नाही.

शाहूनगरकर (सातारा)

कृष्णाकाठ यांचा बँडचा आक्षेप रास्त आहे, पण तो माझ्याच बाजूने जातो. त्याच जागी, त्याच सिमवर एक फोन खालचा बँड पकडून ठेवतो आणि दुसरा वरच्या बँडला चिकटून बसतो, तर हा गुण फोनचाच म्हणायचा ना? जिओने २०२२ च्या स्पेक्ट्रम लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा बँड घेतला, पण ज्या फोनमध्ये तो बँडच नाही त्याला त्याचा काय उपयोग?

विश्रामबागेचा अनुभव मी नाकारत नाही. तो गतीचा प्रश्न आहे आणि माझा रेंजचा. दोन्ही एकाच वजनकाट्यावर घातल्यामुळे आपला वाद वाढतो आहे.

यवतेश्वर घाट

आमच्याकडे हा भेद रोज दिसतो. कासवरून बामणोलीकडे उतरताना रेंज जाते-येते, आणि तिथे एकाच कंपनीचे सिम असलेल्या दोघांपैकी एकाचा फोन लागतो, दुसऱ्याचा लागत नाही. टॉवरचे बोलणे आपल्याला ऐकू येते, पण आपली हाक त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, असा प्रकार असतो. कारण ४जी फोनची प्रक्षेपणशक्ती साधारण २०० मिलिवॅटला बांधलेली आहे आणि टॉवरची त्याच्या कितीतरी पट. म्हणून अशा जागी डाउनलोडपेक्षा अपलोड तपासावे. तिथे बॅटरी लवकर उतरते तीही याचमुळे, फोन सतत पूर्ण जोर लावत असतो.

शाहूनगरकर, आपल्या दगडी खोलीसाठी मात्र फोन किंवा कंपनी बदलण्याआधी वाय-फाय कॉलिंग सुरू करून पाहावे. घरात ब्रॉडबँड असेल तर त्याला वेगळा खर्च नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

काठावरच्या रेंजमध्ये फोनचा फरक पडतो, एवढे मी मान्य करतो. पण धाग्याचा प्रश्न सर्वसाधारण ग्राहकाचा आहे आणि त्याला मी अजूनही हेच सांगेन की पैसे फोनवर घालण्याआधी दुसऱ्या कंपनीचे साधे प्रीपेड सिम आणावे, दुसऱ्या खाचेत घालावे आणि घरी, कामाच्या जागी, गर्दीच्या वेळी वापरून पाहावे. पोर्ट केल्यावर पुन्हा पोर्ट करायला ९० दिवस थांबावे लागते, त्यामुळे चूक महागात पडते. कंपन्यांनी संकेतस्थळावर दिलेल्या व्याप्तीच्या नकाशांवर विसंबू नये. एका नकाशात माझ्या शेतावर भरगच्च ४जी आहे आणि प्रत्यक्षात विहिरीच्या कठड्यावर उभे राहिल्याशिवाय फोन लागत नाही.

हळद पेठ

सगळे मेगाबिट मोजत आहेत, म्हणून विचारतो. मार्केट यार्डात आम्हाला लागते काय? यूपीआयचा व्यवहार अगदी थोड्या डेटात होतो, पण सौदा चालू असताना तो अडकला की समोरचा माणूस पैसे गेले म्हणतो आणि आम्ही आले नाहीत म्हणतो. पत्र्याच्या गोदामात दोनशेची गती मोजून दाखवणारा फोन नको, दोनचीच पण न तुटणारी जोडणी हवी. तशी कोणत्या फोनवर मिळते, हे शाहूनगरकरांनी एखाद्या गोदामात येऊन मोजले तर त्यांचे म्हणणे मी आनंदाने ऐकेन.