लॉरा १.८ टीएसआय मॅन्युअल: १६० वरून २०० पीएसला न्यायची तर आधी काय काय करायचं?

रंकाळा_बूस्ट:
मंडळी, गाडी २०११ ची स्कोडा लॉरा १.८ टीएसआय (टर्बो पेट्रोल), सहा गिअरची मॅन्युअल, रनिंग १ लाख १० हजार. इंजिन पूर्ण स्टॉक (कंपनीतून आलं तसं), कंपनीचा आकडा १६० पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) आणि टॉर्क २५० न्यूटन-मीटर. टर्बो तोच ठेवून २०० च्या आसपास न्यायची आहे. रोजचा वापर कोल्हापुरातच, अधूनमधून कोकण. बजेट दीड लाख. नुसता रिमॅप (ईसीयू म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलणं) करू की डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) आणि मोठा इंटरकूलरही (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा) घेऊ? टाकीत साधं ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) असतं. आणि क्लच टिकेल का?

चेन_टेन्शनर:
भावा, दीड लाखातले निम्मे आधी इंजिनाच्या तब्येतीवर घाल. मॅप काय, तासाभरात पडतो.

या इंजिनात पहिली बघायची ती टायमिंग चेन. स्कॅनर लावून ९३ नंबरचा मेझरिंग ब्लॉक (रीडिंगचा गट) उघड, कॅमशाफ्टची फेज पोझिशन दिसेल. उणे ४ अंशांच्या पलीकडे गेली असेल तर चेन ताणलीय. खालच्या टायमिंग कव्हरला रबरी बूच असतं, ते काढून टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) जुन्या बनावटीचा आहे की सुधारित तेही बघून घे. जुना असेल तर चेन, गाइड, टेन्शनर एकदमच बदल. जुन्या टेन्शनरचं लॉक सुटलं की इंजिन किंचित उलटं फिरलं तरी चेन दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतात. म्हणून तोवर चढावर गाडी नुसत्या गिअरच्या भरवशावर उभी करू नको, हँडब्रेक घट्ट ओढ.

मग काँप्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब. इंजिन गरम, चारी प्लग बाहेर, पेट्रोल बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. ११ ते १४ बार आलं तर ठीक, पण सिलिंडरा-सिलिंडरांत ३ बारपेक्षा जास्त फरक नको. ऑइल हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त खात असेल तर रिमॅपचा विषयच सोड. त्या पिढीच्या ऑइल रिंगा बारीक आहेत, कार्बनने जाम होतात. ज्वलनात ऑइल शिरलं की ऑक्टेन पडतो आणि नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) सुरू होतं.

इंजेक्टर थेट सिलिंडरात फवारतो, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हवरून पेट्रोल कधी वाहतच नाही. एवढ्या रनिंगला तिथं काळा, चिवट थर साचलेला असणारच. टाकीत ओतायच्या बाटल्यांचा इथं काडीचा उपयोग नाही. इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) उतरवून अक्रोडाच्या टरफलाच्या भुग्याने ब्लास्टिंग करायचं. ज्या सिलिंडरवर काम चाललंय त्याचे इनटेक व्हॉल्व्ह बंद आहेत ना, हे क्रँक फिरवून खात्री केल्याशिवाय गन हातात घ्यायची नाही. भुगा आत गेला तर हेड उतरवायची पाळी येते.

उद्यमनगरचा_लेथ:
वरचं सगळं बरोबर. त्यात बूस्ट लीक टेस्ट घाला, म्हणजे टर्बोची दाबलेली हवा (बूस्ट) कुठं गळते का ते कळेल.

टर्बोच्या इनलेट पाइपाचा आतला व्यास व्हर्निअरने मोजायचा आणि उद्यमनगरात कुठल्याही टर्नरकडून नायलॉनचं बूच काढून घ्यायचं. मधे भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवायचा. क्लिप आवळून रेग्युलेटरमधनं हळूहळू १ बार हवा सोडायची आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारायचं. पीसीव्हीची (क्रँककेसमधला वायू परत इनटेकला नेणारा व्हॉल्व्ह) नळी आधी वेगळी करून तोंड बंद करा, नाहीतर तीच हवा क्रँककेसमध्ये जाऊन ऑइल सील उडवेल.

पीसीव्हीची परीक्षा सोपी आहे. आयडलिंगला ऑइलचं झाकण उचला. जोरात ओढून धरलं आणि शिट्टीसारखा आवाज आला तर डायफ्रॅम फाटलाय. डायव्हर्टर व्हॉल्व्ह (ॲक्सिलरेटर सोडल्यावर जादा बूस्ट वळवणारा) पण रबरी पडद्याचा असेल तर पिस्टनवाला घ्या, वाढीव बूस्टला पडदा टिकत नाही.

लॅम्डा_१:
मॅपचं सांगतो. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण १४.७ लागतं, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला ८-९ टक्के जास्त इंधन. ऑक्टेन वाढतो हा फायदा, पण पेट्रोलच्या हाय प्रेशर पंपाची कुवत लवकर संपते. त्यामुळे रोज जे भरणार तेच टाकीत ठेवून मॅप करून घे.

लॉग (स्कॅनरवरची नोंद) घ्यायचा तिसऱ्या गिअरला, २००० पासून ६५०० आरपीएमपर्यंत पूर्ण थ्रॉटल, एका दमात. भर हायवेवर नको, ट्रॅक मिळत असेल तर तिथं. चार गोष्टी बघ: प्रत्येक सिलिंडरचा इग्निशन रिटार्ड (ठिणगी किती अंश मागे घेतली), रेल प्रेशर (इंजेक्टरांकडे जाणाऱ्या पेट्रोलचा दाब), बूस्ट आणि इनटेकचं तापमान. रिटार्ड ३ अंशांपर्यंत चालतो, चारी सिलिंडर ५ च्या वर गेले की टायमिंग उतरवायचं. रेल प्रेशर मागितल्यापेक्षा १० टक्क्यांहून खाली पडत असेल तर पंप थकलाय. हवेचा फ्लो ग्रॅम प्रति सेकंद मिळतो, त्याला ०.८ ने भागलं की ढोबळ हॉर्सपॉवर. १६० ग्रॅम दिसले म्हणजे २०० च्या घरात आलास.

स्कॅनरवर बूस्ट ॲब्सोल्यूट (बाहेरच्या हवेचा दाब धरून) मिलिबारमध्ये येतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, इथली हवाच ९५० च्या आसपास. २०५० दिसलं तर खरा बूस्ट १.१ बार. लोक सरळ १००० वजा करतात आणि बूस्ट कमी म्हणून ट्यूनरशी भांडतात.

रंकाळा_बूस्ट:
प्लग कुठले? आणि डाउनपाइपचं राहिलंच.

चेन_टेन्शनर:
प्लग एक नंबर थंड (उष्णता लवकर सोडणारा), गॅप ०.७ मिमी. एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये नेमकं उलटं. दुकानदाराच्या भरवशावर राहू नको.

डाउनपाइप २०० पीएससाठी लागत नाही. त्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा) काढला तर पीयूसी अडकेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय मूळ रचना बदलता येत नाही, आणि विम्याला न सांगितलेला बदल क्लेमच्या वेळी अंगाशी येतो. त्याऐवजी इंटरकूलर घे. करूळ घाट खालून चढताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला इनटेकचं तापमान चढतच जातं, मग ईसीयू स्वतःच टायमिंग मागे घेतो आणि वाढवलेली पॉवर तिथंच जाते.

लॅम्डा_१:
क्लच ३०० न्यूटन-मीटरच्या पुढे घसरू लागतो. पाचव्या गिअरला २००० वरून पूर्ण दाबून बघ, आरपीएम उडाला आणि वेग तिथंच राहिला तर क्लच गेला. ट्यूनरला सांग, २५०० च्या खाली टॉर्क २८० वरच रोखून धर, पॉवर वरच्या आरपीएमला काढ. क्लच बदलायची वेळ आलीच तर ड्युअल मास फ्लायव्हीलचा (क्लचला लागून असलेलं दोन भागांचं जड चाक) खेळही तेव्हाच तपासून घे, गिअरबॉक्स दोनदा उतरवायची मजुरी वाचेल.